अस्वलं आधी आली

मंगळवारी सकाळी ट्रकवाला शाळेच्या दारात खोकी उतरवायला लागला तेव्हा रोंडाला वाटलं, आले बाबा एकदाचे कागदी रुमाल. रोंडा शाळेच्या ऑफिसात बसायची. उशिरा आलेल्या पोरांना चिठ्ठी द्या, कुणाचा ताप बघा, आयांचे फोन घ्या, सगळं तीच करायची. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हे एल्म क्रॉसिंग म्हणजे एवढंसं गाव. एक शाळा, एक चर्च, धान्याच्या उंच कोठ्या आणि चहूकडे नुसता मका. रोंडाची मुलगी ब्रिटा त्याच शाळेत तिसरीत होती.

तर तिने कात्रीने पहिलं खोकं फाडलं आणि आत बघते तर अस्वलं. खेळण्यातली, मऊ, तपकिरी. प्रत्येकाच्या गळ्यात हिरवी-पांढरी रिबीन, म्हणजे शाळेचेच रंग. आणि रिबिनीला काळी किनार.

आता अशी अस्वलं कुठे जातात हे तिकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कुठल्यातरी शाळेत कुणीतरी बंदूक घेऊन शिरतं, टीव्हीवर मेणबत्त्या दिसतात आणि देशभरातून त्या गावाकडे अस्वलांचे ट्रक सुटतात. रोंडानेही पाठवली होती की. चर्चच्या तळघरात बसून, कॉफी पीत, गप्पा मारत रिबिनी बांधल्या होत्या. आणि शाळेत बंदूकवाला शिरलाच तर आवाज न करता कसं लपून बसायचं, याची कवायत ब्रिटाच्या वर्गातही व्हायची.

हॉगन सर, म्हणजे मुख्याध्यापक, येऊन खोक्यात डोकावले.

"पत्ता चुकला असेल."

"पत्ता आपलाच आहे, सर. रंगही आपलेच."

"मग बरंच झालं की. छोट्यांच्या वर्गात वाटून टाक." जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "काळी किनार तेवढी कापून घे."

रोंडाने खोक्यावर छापलेला नंबर फिरवला. कॅन्ससमधलं कुठलंसं चर्च होतं. "एल्म क्रॉसिंगहून बोलतेय," एवढंच ती म्हणाली आणि पलीकडच्या बाईंचा आवाज भरून आला.

"अगं बाई गं. कशा आहात सगळ्या? झोप तरी लागते का?"

"अहो, पण इथे काही झालेलंच नाही."

मग आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात त्या म्हणाल्या, "सुरुवातीला असंच वाटतं गं. आमच्याकडे झालं ना, तेव्हा मीसुद्धा कितीतरी दिवस रोज सकाळी माझ्या लेकीचा डबा भरत होते."

रोंडाने फोन ठेवला.

संध्याकाळी शेजारच्या मार्लिस दारात उभ्या. हातात कागदाने झाकलेलं, वाफाळतं भांडं. त्या भागात कुणी गेलं की हॉटडिश नेऊन द्यायची पद्धत. खाली खिमा आणि घट्ट सूप, वरून बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहायचं, म्हणजे दुखवटा सरला की भांडं घरी परत येतं.

"कोण गेलं?" रोंडाने विचारलं.

"ते तूच सांग बाई. मी आपली टीव्ही बघत होते. उठले, ओव्हन लावला. भांडं तयार झालं आणि पाय इकडेच वळले."

"मस्करी करू नका हं, मार्लिस."

"मस्करी करायला मला खिमा काय फुकट मिळतो?"

तेवढ्यात ब्रिटा आतून आली, "हाय मार्लिस," म्हणाली. मार्लिस हसल्या, पण बघितलं त्यांनी तिच्या डोक्यावरून, भिंतीकडे. मग रोंडाचा दंड हलकेच दाबून त्या पायऱ्या उतरल्या.

त्यांच्या मागून दुसरं भांडं आलं, मग तिसरं. फ्रिज भरला. शाळेच्या जिममध्ये खोक्यांच्या थप्प्या लागल्या, तर मुलांना बास्केटबॉल बाहेर खेळायला लावलं. सकाळी शिपाई झेंडा टोकापर्यंत चढवायचा, गाठ मारायचा, आणि तो वळला की झेंडा हळूच अर्ध्यावर घसरायचा. जाणारे-येणारे टोप्या काढायचे. कुणी विचारलं नाही, कशासाठी.

शाळेच्या कमिटीची बैठक झाली तिथे अख्खा गाव. रोंडा उठून उभी राहिली.

"काही दिवस शाळा बंद ठेवा. एवढंच मागतेय. अख्ख्या देशाला आधी कळलंय, तर आपण काहीतरी आधी करूया."

हार्डवेअरचा दुकानदार खाकरला. अशा प्रत्येक गावात निघतात तसे त्याचे टीशर्ट छापून झाले होते, छातीवर 'एल्म क्रॉसिंग स्ट्राँग', लहान मुलांचे साईझही होते. एका बाईंना बागेत आठवणीचा बाक हवा होता, ओकच्या लाकडाचा. पाद्रीबाबा प्रार्थनेचं बघणार होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं शिस्तीत त्या हॉलमध्ये आजवर काहीच ठरलं नव्हतं, साधा पार्किंगच्या पट्ट्यांचा रंगसुद्धा नाही.

"आणि बंदुका?" रोंडा म्हणाली. "आपल्याच घरांतल्या. निदान त्या कपाटांना कुलपं तरी लावूया?"

खुर्च्या करकरल्या.

"रोंडा," हॉगन सर हळुवारपणे म्हणाले, "ही राजकारणाची वेळ नाही."

"मग कशाची वेळ आहे? अजून कुणी मेलेलं नाहीये, सर."

"तेच तर," मागून कुणीतरी म्हणालं. "आधी घरच्यांना रडू तरी दे."

आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. राग कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. नुसती कीव होती.

सकाळ होताच तिने ब्रिटाला गाडीत घातलं. दप्तर नाही, डबा नाही. ब्रिटा म्हणाली, "आज शाळा नाही?" तर रोंडा "नाही," म्हणाली, आणि पश्चिमेला निघाली. मका मागे पडला, सूर्यफुलं आली, तीही मागे पडली. दुपारी दुसऱ्या राज्यात एका पेट्रोल पंपाशेजारच्या हॉटेलात दोघी शिरल्या. इथे त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. टीव्हीवर हवामान चाललं होतं. रोंडाला त्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

ऑर्डर घेणारी मुलगी आली. रोंडाकडे बघून तिने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

पाण्याचा एकच ग्लास ठेवला. एकच मेनू.

"हिला बर्गर," रोंडा म्हणाली. "मला सूप."

"सूप आणते," मुलगी म्हणाली. "पैसे नकोत, ताई. आमच्याकडून."

"आणि बर्गर."

मुलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. ती आत गेली.

पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा उठून आला. हातात टोपी. ब्रिटाच्या खुर्चीच्या पाठीवर त्याने हात ठेवला.

"ही घेऊ का? आमच्यात एक जण वाढलाय."

"इथे माझी मुलगी बसलीये."

म्हाताऱ्याने हात झटकन मागे घेतला. डोळे खाली गेले.

"हो, हो. राहू दे. माफ करा."

तो टोपी छातीशी धरून मागे मागे गेला.

रोंडाने टेबलाखालून ब्रिटाचा हात पकडला. हात होता. घामट, गरम, बोटांना रंगाचा डाग. पण ब्रिटा हलत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, गुडघे पोटाशी घेतलेले, नजर दाराकडे.

"ब्रिटा? सोन्या?"

ब्रिटाने मान जराशी वळवली आणि ओठ जेमतेम हलवत ती कुजबुजली,

"मी मुळीच आवाज केला नाही, आई. शाळेत शिकवलंय तस्सं. बघ, कुणाला कळलंसुद्धा नाही."