जाड पायांचा प्लग

“प्लगचे पाय जाड असले, की सॉकेटही मोठंच हवं. तिथे जुगाड नाही करायचा!” वायरमन आजोबांनी बजावलं होतं. नातीने, म्हणजे टिटवीने, “हो हो” म्हणत या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

मग सुट्टी लागली. अख्खी इमारत गावोगावी पांगली. मुलांत उरले तिघं. आई कामावरून येईपर्यंत गॅलरीत बसणारी टिटवी, शेजारचा ठोंब्या आणि त्याच्या मागे मागे फिरणारी धाकटी बहीण शेपूट. जिन्यात आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटायचा.

“चार वाजले! बघा आता!” टिटवी कुजबुजली.

जिन्यातला दिवा मंदावला. सलग तिसऱ्या दिवशी!

“भूत!” शेपूट किंचाळली.

“भुताला घड्याळ कळतं होय गं?” ठोंब्या म्हणाला.

“श्श! करपल्यासारखा वास येतोय!” टिटवीने दटावलं.

नाकं वर करून तिघं तळमजल्यावर पोचले. दार मातीवाल्या काकूंचं. काकू शाळेत मातीकाम शिकवायच्या, आता निवृत्त.

“अगंबाई! माझ्याकडे आलात?” हाताची माती झटकत काकूंनी दार सताड उघडलं.

कोपऱ्यात कप भाजायची विजेची भट्टी गुणगुणत होती. तिची बोटाएवढी जाड वायर टेबलफॅनच्या चिमुकल्या सॉकेटात घुसली होती, आणि सॉकेटभोवती तपकिरी डाग!

“काकू, हा प्लग...?”

“भाच्याने बसवला. मोठा जाईना, म्हणून कापून छोटा लावला. हुशार आहे हो!”

सॉकेट चर्रर्र बोललं. टिटवीला एकदम आजोबा आठवले.

“कुणी हात लावू नका!” ती दाराजवळच्या मेन स्विचकडे धावली. खट्! गुणगुण थांबली.

“आजोबांना फोन लावते.”

“नको गं! भाचा रागावेल. महिन्यातून एकदा येतो, तोही येणार नाही.” काकू खुर्चीत बसल्या. “वास मलाही यायचा.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाशी बोलू? रोज चार वाजता एकच कप भाजते. भट्टी लावली, की घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.”

टिटवीने काकूंचा हात धरला आणि तरीही आजोबांना फोन लावला.

आजोबा आले. सॉकेट उघडलं, तर आत सगळं वितळून काळं! तेवढ्यात ठोंब्याने काकूंच्या फोनवरून बोलावलेला भाचाही धावत आला.

“अहो, चालत तर होतं!”

“चालत नव्हतं, जळत होतं!” शेपूट कडाडली. भाच्याने मान खाली घातली.

“हे सॉकेट सहा अँपिअरचं, भट्टी ओढते सोळा. म्हणूनच जिन्यातला दिवा मंदावायचा,” आजोबा म्हणाले. “तिला मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा स्विच आणि जाड पायांचाच प्लग.” मग त्यांनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. “उशिरा का होईना, ऐकलंस! आज घर वाचवलंस.”

नव्या सॉकेटावर भट्टी पहिल्यांदा लागली, तेव्हा आत चार कप होते. त्यातला शेपटीचा वाकडा.

तुमच्याही जिन्यात असेल एखादं दार, सुट्टीभर कुणी न वाजवलेलं. आज चार वाजता जाऊन या बरं. आतलं माणूस ठीक आहे ना, एवढं बघून या.