एकच लेन्स, दोन कॅमेरे

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. केतन माझा सख्खा मावसभाऊ. साल २००७, रत्नागिरी. आणि रात्र नव्हती हो... भर दुपार होती.

केतन आणि साकिब, दोघेही लग्नाचे फोटो काढायचे. जिवाभावाचे दोस्त. पण साकिबच्या भावाने त्याला कुवेतहून मोठ्या सेन्सरचा, म्हणजे एका फोटोत जास्त काही मावणारा कॅमेरा आणला आणि केतनच्या पोटात दुखायला लागलं. लग्नवाले आता साकिबचंच नाव घेत होते.

"कॅमेऱ्यात काय असतं? खरी करामत लेन्सची," केतन सांगत सुटला. शेवटी साकिबला म्हणाला, "मेल्या, माझी लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांना लावून बघू. होऊन जाऊ दे!"

खाडीकाठी एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. त्याच्या चिऱ्याच्या भिंतीतली बारीक भोकं कोणाच्या कॅमेऱ्यात जास्त स्वच्छ येतात, एवढंच बघायचं.

तिथे चिटपाखरू नव्हतं.

आधी केतनच्या कॅमेऱ्यातून फोटो काढला. मग स्टँड न हलवता साकिबच्या.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या...

दोघांनी वळून पाहिलं. कोणीच नाही.

संध्याकाळी केतनच्या दुकानात कॉम्प्युटरवर फोटो लावले. केतनचा सेन्सर लहान, त्याच्यात भिंतीचा मधलाच भाग आला होता. साकिबच्या फोटोत कडेचंही सगळं आलं होतं, पण कडा जरा पुसट; लेन्सच कडेला कच्ची. केतनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बघ! एवढा महागाचा, आणि कोपरे पुसट!"

साकिबने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

त्या पुसट कोपऱ्यात... एक बाई उभी होती. पाठमोरी. ओलं लुगडं.

ती मात्र पुसट नव्हती. लुगड्याचा धागा न् धागा दिसत होता.

"कोण हाय रे ही? तिथं तर कोणच नव्हतं," साकिब कसाबसा म्हणाला आणि त्याने फोटो पुसून टाकला. "केतन, परत तिकडं जायाचं नाय."

दुसरा कोणी घाबरला असता. केतन जळला. लेन्स त्याची, आणि बाई गेली साकिबच्या कॅमेऱ्यात!

दुसऱ्या दुपारी तो एकटाच गेला. ती उभी होती त्या कोपऱ्यावरच कॅमेरा रोखला. फोटोत नुसती भिंत. पुन्हा काढला. भिंतच.

त्याचं डोकं फिरलं. तो ओरडला, "त्याच्यात येतेस, मग माझ्यात का नाय?"

खाडीवरचा वारा एकदम पडला.

बांगड्या वाजल्या... अगदी कानाशी.

पुढच्या लग्नात केतनच्या सगळ्या फोटोंत नवरा-नवरी पुसट आले. मागे ती. आता तोंड इकडे.

त्यापुढच्या लग्नात ती आणखी जवळ...

केतनने कॅमेरा बदलला, लेन्स विकली. काही उपयोग झाला नाही. सगळी लग्नं साकिबकडे गेली. त्याच्या फोटोंत ती पुन्हा कधीच आली नाही.

दोन वर्षांनी दिवाळीत मी केतनकडे गेलो. दुकान बंद पडलेलं, घरात तो एकटाच. त्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पडदाभर एकच डोळा...

पापणीचा केस न् केस दिसत होता. मी खुर्ची मागे सरकवली.

केतन मात्र हसत होता.

"एवढा शार्प फोटो साकिबला जन्मात जमेल काय रे?"

माझ्या पाठीमागे बांगड्या वाजल्या.

मी वळून बघितलं नाही. अजूनही बांगड्या वाजल्या की मी वळत नाही.