भंडाऱ्याआधी पंधरा मिनिटं

मल्हारच्या कपाळावर एक सरळ रेघ होती, भुवयांच्या वर बरोबर तीन बोटं. रेघेवरचं कपाळ फेट्याखाली राहून गव्हाळ, खालचा चेहरा रापलेला, नाकाच्या शेंड्यावर सालटं निघालेली. मानवतच्या एसटी स्टँडसमोर वडिलांच्या मेडिकलमध्ये बसणाऱ्या दैवशालाला तो चेहरा नीट मांडलेल्या प्रयोगासारखा वाटला.

"मॅडम, उन्हाची क्रीम द्या. लय भाजायलंय."

"गोरं व्हायची, की उन्हापासून वाचवायची?"

"गोरं होऊन काय करू? मेंढरं मला वळखायची न्हाईत."

ती हसली नाही. फक्त क्रीम काढायला फळीकडे वळली, आणि परत वळायला तिला जरा वेळ लागला.

"ही घ्या. एसपीएफ पन्नास. घामाने लवकर जात नाही. तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी लावायची, दर दोन तासांनी."

"मेंढरं थांबतेत व्हय दोन तासाला?"

"मेंढरं चालू द्या. तुम्ही चालता चालता लावा."

पुढच्या बाजाराला तो आला तो कपाळावर पिवळे ओघळ आणि मधेमधे लाल चट्टे घेऊन. दैवशालाने निरखून पाहिलं.

"क्रीमच्या आधी काय लावलं होतं?"

"भंडारा. सकाळी उठल्या उठल्या खंडोबाचा भंडारा, मग क्रीम."

"म्हणून ती सगळीकडे सारखी बसली नाही. आधी क्रीम. पंधरा मिनिटं थांबा. मग भंडारा."

"देवाला पंधरा मिनटं ताटकळत ठेवू?"

"देव उन्हात उभा नाही. तुम्ही उभे आहात."

तो तिच्याकडे बघत राहिला... आणि नजर आधी तिनेच खाली वळवली.

गल्ल्यावर बसलेले तिचे वडील भगवानराव खाकरले. त्यांचं बालपण मेंढ्यांमागेच गेलं होतं. ते सोडून त्यांनी दुकान टाकलं, मुलीला बी.फार्म. केलं. माघात पुण्याचं स्थळ येऊन गेलं होतं. मुलगा औषधांच्या कंपनीत, स्वतःचा फ्लॅट. "सावलीत राहशील, पोरी," ते म्हणाले होते. दैवशाला तेव्हापासून नुसतं "सांगते" म्हणत होती.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. मल्हार दर बाजाराला यायचा. एकदा तर तो ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून आला.

"मॅडम, हे पीए म्हंजे काय?"

"उन्हात दोन प्रकारचे किरण असतात. एक कातडी भाजतात, ते लगेच कळतं. दुसरे खोल जातात. भाजल्यासारखं वाटत नाही, पण वर्षानुवर्षं काम करत राहतात. पीए त्या दुसऱ्यांसाठी."

"कळतच न्हाई, तर त्याचं औषध कवा लावावं माणसानं?"

"कळायच्या आधी."

"मग मला उशीर झाला म्हना की," तो म्हणाला.

दैवशालाने त्याचं बिल केलं. तारीख चुकली. तिची तारीख कधी चुकत नसे.

वैशाखात तो बाजार नसतानाच आला. फेटा हातात होता.

"पोखर्णीच्या शिवारातून उद्या आमचा मेंढरांचा वाडा उठायलाय. मेंढरं घेऊन नदीपल्याड जायचंय. पाऊस पडस्तोवर इकडं येणं न्हाई."

"तिकडेही मेडिकल असेल."

"असंल की." तो थांबला. "आई सोयरीक बघायचं म्हनायलीय. मी म्हनलो, थांब. आता किती दिवस थांब म्हनू... तेवढं सांगा तुमी."

तेवढ्यात भगवानरावांचा फोन वाजला. "हां, पाव्हणं, रामराम. सांगतो ना, आजच सांगतो. जरा धरा." त्यांनी फोनवर तळहात ठेवला. "पुण्याचे हायत. आता काय सांगू?"

दैवशालाने मल्हारकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता.

"अप्पा, त्यांना नाही म्हणून सांगा."

"दैवशाला, मी त्या उन्हातून बाहेर पडायला अर्धा जन्म घातलाय."

"मला माहीत आहे, अप्पा. मी दुकान सोडणार नाही, आणि मल्हारने मेंढ्या सोडाव्यात असंही म्हणणार नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा हळू. "पण लग्न मी त्याच्याशीच करणार आहे."