गठ्ठ्यातला वरचा कागद

फौजदारांच्या टेबलावर दोन फॉर्म येऊन पडले आणि सिस्टरची नोकरी गेल्यात जमा झाली.

एकशे अठरा नंबरचा डॉक्टरांनी लिहिलेला. ‘संध्याकाळी सहा. रुग्ण ठीक. निघालो.’ एकशे एकोणीस सिस्टरचा. ‘संध्याकाळी सात. धाप वाढली. डॉक्टरांना सांगितले.’ त्याच रात्री बाई गेली.

त्या वॉर्डात प्रत्येक नोंदीला वेगळा फॉर्म. ऑफिसातला कारकून ते कॉम्प्युटरवर ओळीने नंबर घालून छापायचा, आणि पन्नासांचा गठ्ठा वॉर्डात नेऊन ठेवायचा. मागाहून कुणी नोंद घुसडू नये, म्हणून नंबर.

“सहाला गेलेल्या माणसाला ही सातला कशी सांगेल?” तक्रार घेऊन आलेला सुतार म्हणाला. गेलेली बाई त्याची बायको. सिस्टर तिची धाकटी बहीण. “सख्खी बहीण आणि बसून राहिली. वर खोटं लिहिलं. दारातून हाकलली तिला मी. मयताजवळ येऊ दिली नाही.”

“डॉक्टर निघाले तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“बाहेर बाकावर. खांद्यावर हात ठेवला त्यांनी माझ्या. म्हणाले, काळजी करू नका. देवमाणूस!”

“तेव्हा किती वाजले होते?”

“मला कसलं भान, साहेब?”

सुताराने खिशातून घड्या पडलेला कागद काढला. त्याच दिवशी दुपारी वॉर्डात बायकोला दाखल करताना भरलेल्या फॉर्मची प्रत. नंबर एकशे एकतीस, खाली त्याची वाकडीतिकडी सही. “ही सही केली आणि तिला यांच्या हवाली केलं.”

फौजदारांनी ती प्रत ठेवून घेतली.

सिस्टर रडत नव्हती. रडून झालं असावं.

“सातला कुणाला सांगितलंत?”

“डॉक्टरांना. समोर उभे होते. म्हणाले, बहीण आहे म्हणून तुला जास्त दिसतंय.”

“भावजींना का नाही सांगितलंत?”

“दाजींना? पिकतं तिथं विकत नाही, साहेब. त्यांच्या लेखी मी अजून फ्रॉकमधली पोर.”

“फॉर्म कुठून घेतलात?”

“गठ्ठ्यातला वरचा. नेहमीसारखा.”

डॉक्टरांनाही फौजदारांनी तेच विचारलं.

“वरचाच. नियम आहे तो, आणि मीच घालून दिलेला.”

“मधला नाही? खालचा नाही?”

“आम्ही इथे पत्ते पिसत नाही, फौजदार.”

फौजदार ऑफिसात गेले. कारकुनाला म्हणाले, “पुढचे पन्नास छाप.” प्रिंटर थांबल्यावर गठ्ठा जसा पडला होता तसाच उचलला आणि सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

“वर कितवा नंबर आहे, वाचा,” ते सुताराला म्हणाले.

“दोनशे.”

“आणि तळाला?”

सुताराने कोपरा उचलला. “एकशे एक्कावन्न.”

“हा प्रिंटर छापील बाजू वर ठेवून कागद टाकतो. पहिला जातो तळाला, शेवटचा येतो डोक्यावर. काय रे, तू गठ्ठा उलटा लावत नाहीस?”

“माझ्या आधी इथं होत्या त्या बाई लावायच्या,” कारकून पुटपुटला. “पन्नास भरले की झालं. कमी नाही, जास्त नाही.”

“म्हणजे वॉर्डात नंबर उतरत जातात. या बाई दुपारी दाखल झाल्या, फॉर्म एकशे एकतीस. संध्याकाळचे फॉर्म एकशे एकोणीस आणि अठरा. इथंच मी अडखळलो. संध्याकाळ दुपारच्या आधी कशी? आता लागला हिशेब. आधी एकोणीस, मग अठरा. सिस्टरने सातला सांगितलं. त्यानंतर डॉक्टर, तुम्ही ‘ठीक’ लिहिलंत आणि गेलात. वेळेचा रकाना मोकळा सोडलात. बाई गेल्यावर त्यात ‘सहा’ भरलंत. नंबरही साथ देतोय असं पाहून निर्धास्त झालात.”

“प्रिंटरवरून मला गुन्हेगार ठरवणार?”

“प्रिंटरवरून नाही. वरचा कागद घेतला, हे तुम्हीच सांगितलंत.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाहेर माझ्या दवाखान्यात पेशंट ताटकळले होते,” ते म्हणाले. “मला वाटलं, उगाच घाबरतेय ही.”

शिपाई डॉक्टरांना घेऊन गेला.

सुतार खांदा पुसत राहिला, जणू तिथे काही सांडलं होतं. मग म्हणाला, “घरी चल गं. चुकलं माझं.”

“कशाला, दाजी? ताई आहे का तिथं?”

“मला काय ठाऊक होतं...”

“ठाऊक नव्हतं तर विचारायचं. परक्याला देव केलंत, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “तिचे केस कुणी विंचरले शेवटी?”

सुतार बराच वेळ आठवत राहिला.

“राहून गेलं,” तो म्हणाला.