काचेवरचा अंगठा

"अहो, झाका ते! आधी झाका!"

खिडकीच्या उन्हात भिंग धरून एका चिपवरचे आकडे वाचणारी ती एवढी दचकली, की भिंग पायावरच पडलं. वळून पाहते तो दारात हत्यारांची पेटी घेतलेला एक उंच, घामाघूम दुरुस्तीवाला. पेटी तिथेच टाकून त्याने दोन ढांगांत खिडकी गाठली आणि तिच्या तळहातावरच्या चिपवर अंगठा दाबून धरला.

"हात धरायची पद्धत आहे का ही?"

"चिप धरलीय. हात मध्ये आला तुमचा."

चिपच्या पाठीवर एक इवलीशी काच होती. तिच्याखाली यंत्राची सगळी अक्कल साठवलेली, आणि उन्हाने ती पुसली जाते, असं त्याने धापा टाकत सांगितलं. "वरचं लेबल कुणी काढलं?"

"मी. आकडा पुसट झाला होता. वाटलं, खाली छापलेला असेल…"

"खाली चिपचा प्रकार छापतात. ती काय शिकलीय, ते फक्त लेबलावर! कपाळ बघून शिक्षण ओळखायला निघालात तुम्ही."

"मग अंगठा काढा, चिकटपट्टी आणते."

"काढला तर ऊन लागेल."

मग काय, दोघं तसेच, हातावर अंगठा ठेवून, स्टुडिओभर खण उघडत फिरले. नेमकी तेव्हाच तिची आत्या आली. चष्म्यावरून पाहत म्हणाली, "यंत्र दुरुस्त करायला बोलावलं होतं ना रे तुला?"

त्या दिवसापासून आत्याने त्याचं नावच ठेवलं, अंगठेबहाद्दर.

गाणी ध्वनिमुद्रित करायचा तो स्टुडिओ तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर यंत्रं मुकी झाली होती. आत्याने तरुणपणी गायलेलं एकुलतं एक गाणं तिथे होतं, पण आवाज एका टेपवर आणि वाद्यं दुसरीवर. दोन्ही यंत्रं पावलाला पाऊल लावून चालवणारं एक खोकं होतं, त्याची खरी चिप मात्र बिस्किटांच्या डब्यातल्या पुसट लेबलांच्या चारांपैकी कोणती, ते वडिलांनाच ठाऊक. आत्याने बजावलं होतं, "शनिवारी गाणं ऐकू आलं तर ठीक. नाहीतर ही धुडं भंगारात आणि जागेला कुलूप."

तो रोज यायचा आणि रोज एकच चिप लावून बघायचा.

"एका दिवसात एकच?"

"चिपला दमवायचं नसतं," तो गंभीरपणे म्हणायचा. मग चहा व्हायचा… आणि तिच्या केसांत अडकलेला टेपचा तुकडा काढायला त्याला फार वेळ लागायचा.

पहिल्या चिपने दुसरं यंत्र पुढे पळालं. "मी अजून श्वास घेतेय, आणि व्हायोलिनवाला घरीसुद्धा पोचला!" आत्या करवादली. दुसरीने ते मागे रेंगाळलं. तिसरीने तर जागचं हललंच नाही. शनिवारी उरली ती उन्हातली, अंगठ्याखालची.

हीही खरी निघाली नाही तर? चिप बसली, चाकं फिरली. दुसरं यंत्र अडखळलं, थबकलं… आणि पहिल्याच्या पावलात पाऊल टाकून चालू लागलं. काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या आत्याने डोळ्यांना पदर लावला.

तो हत्यारं भरू लागला. एकच पक्कड त्याने तीनदा पेटीत ठेवली.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "काचेला नुसतं ऊन लागून पुसलं जायला… आठवडे लागतात."

"ठाऊक आहे."

"ठाऊक?"

"बाबांनी लहानपणीच सांगितलं होतं. शिवाय दोन पावलं सावलीत सरकलो असतो, तरी भागलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या धावत आला होतात…" ती खाली बघत म्हणाली.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. आत्याच्या हेडफोनशी जोडलेला त्यांच्यामधला माईक सुरूच राहिला होता.

"अंगठेबहाद्दर," आत्याचा आवाज आला, "गाणं पुन्हा पहिल्यापासून लाव. आणि पेटी ठेव खाली!"

त्याने पेटी ठेवली. तिने तळहात पुढे केला. त्यावर या वेळी चिप नव्हती.

त्याने अगदी अलगद अंगठा ठेवला.