शिवणवालीचा परवाना

हॉटेलची मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा शिवणवाली आत होती. सोबतीला चादरींनी गच्च भरलेली ढकलगाडी. तिने घंटा दाबून पाहिली, दार वाजवून पाहिलं, त्या देशाच्या भाषेत मदत मागून पाहिली. बाहेर कुणीतरी हातोडीने ठकठक करत होतं, पण दार काही हलेना. शेवटी तिचा धीर सुटला आणि तोंडून आपली भाषा बाहेर पडली.

“अरे मुडद्या, उघड की लवकर. झोपलास का?”

ठकठक थांबली. मग दाराच्या फटीतून एक शांत आवाज आला, “उघडतोय. पण मुडदा म्हणू नका हो... अजून लग्न व्हायचंय माझं.”

त्या परमुलखात मराठी, आणि तीही दाराच्या पलीकडून. तिला चादरींमध्ये तोंड लपवावंसं वाटलं. दार जरासं सरकलं तेव्हा वरच्या मजल्यावर पालथा पडलेला एक तरुण दिसला. भुवईला ग्रीस लागलेलं, डोळ्यांत हसू. त्याने हात पुढे केला. तिने तो न धरता चादरींचं गाठोडं उचलून दिलं.

“आधी हे घ्या.”

“अडकलं कोण होतं... तुम्ही की चादरी?” त्याने विचारलं.

तिने दुसरं गाठोडं त्याच्या हातात कोंबलं. पण दिवसभर मशीन चालवताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लुडबुडत राहिलं.

हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता. वाफेने कायम दमट, खळीच्या वासाने भरलेला. तिथे एका कोपऱ्यात तिचं मशीन. फाटलेल्या चादरी, उसवलेले पडदे, वेटरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जाई. पलीकडे इस्त्रीवर तिची सख्खी मावशी उभी असे. तिनेच भाचीला इथे आणलं होतं. आणि तो लिफ्ट कंपनीचा माणूस. हॉटेलच्या जुन्या लिफ्ट बदलायचं काम निघालं होतं, म्हणून काही महिने मुक्कामाला आलेला. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत.

तर हा लिफ्टवाला रोज काही ना काही कारणाने तळघरात उगवू लागला. मावशीच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. लिफ्टचं यंत्र गच्चीवर आणि हा तळघरात काय शोधतो, असं तिने इस्त्रीवरून मान न उचलता विचारलं. शिवणवालीने ऐकलंच नाही असं दाखवलं.

एकदा तो फाटका खिसा घेऊन आला. खिळ्यात अडकला म्हणाला. तिने शिवून दिला. पुढच्या आठवड्यात दुसरा खिसा. तिने तो उजेडात धरला, अंगठ्याने कडा चाचपल्या.

“खिळ्याने फाटलं तर कापड ओरबाडलं जातं,” ती म्हणाली. “हे पात्याने कापलंय.”

त्याचे कान लाल झाले. “मग काय करू... खिसेच दोन होते. तिसऱ्या आठवड्याला काय फाडायचं, याच काळजीत होतो.”

ती हसली. मग रोजच हसू लागली. मशीनच्या आवाजातही त्याच्या बुटांचा आवाज तिला ओळखू यायचा, आणि तो जिन्यावरून उतरला की तिची टीप हमखास वाकडी जायची. काही बोलणं झालं नव्हतं, पण बोलायचं राहिलंही नव्हतं काही.

लिफ्टचं काम मात्र संपलं. कंपनीने त्याला दूरच्या दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं. निघायच्या आधी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. लग्न करू. बायकोला नवऱ्याच्या परमिटवर राहता येतं, त्याने विचारून ठेवलं होतं.

त्या परमिटवर काम करता येतं का, एवढंच तिने विचारलं. ते त्याने विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकशी करून आला, तो मान खाली घालूनच. येत नव्हतं.

“मग नाही,” ती म्हणाली.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. पण तुमच्या परवान्यावर राहिले, तर रागावायची मोकळीक तुम्हाला असेल, मला नसेल. आणि कात्री खाली ठेवून मी कोण उरेन, ते मलाच ठाऊक नाही.” तिने कात्री जवळ ओढली. “मी येईन... माझ्या परवान्यावर येईन.”

बोलणं सोपं होतं. तिचा परवाना हॉटेलच्या नावाने बांधलेला. दुसरीकडे काम धरायचं तर मॅनेजरची संमती हवी. मॅनेजरने तिचं सगळं गोड हसत ऐकून घेतलं आणि नकार दिला. इतका चांगला हात तो का सोडेल? परवान्यासकट तिचा पासपोर्ट त्याच्या कुलूपबंद कपाटात होता. शिवाय शिवणकाम आटोपल्यावर खोल्या झाडायलाही तो तिलाच पिटाळायचा, आणि त्या कामाचा छदामही मिळत नसे.

लिफ्टवाला गेला. फाटकाशी ती फक्त ‘सांभाळून जा’ म्हणाली. बस वळली, तरी हात हलवायचा राहिला हे तिच्या लक्षात आलं नाही.

मग फोन सुरू झाले. तिकडच्या लिफ्ट फार शहाण्या आहेत, कुणी अडकतच नाही, अशी त्याची तक्रार. ती हसायची. फोन ठेवल्यावर मात्र सुईत दोरा जाता जायचा नाही. बुटांचा आवाज नसलेला जिना तिला दिवसभर ऐकू यायचा.

एका सुट्टीच्या दिवशी तिने केस नीट बांधले आणि कामगार कचेरी गाठली. तिथल्या अधिकारी बाईंनी तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मालकाला कुणाचा पासपोर्ट अडकवता येत नाही, परवान्यावर नसलेलं काम लादता येत नाही, आणि हे सिद्ध झालं तर त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते, असं त्यांनी सांगितलं. पण निकाल लागेपर्यंत तिला काम करता येणार नव्हतं, शहरही सोडता येणार नव्हतं. आणि साक्षीदार हवा होता.

मावशीने हात झटकले. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नाही, हे तिने उभ्या आयुष्यात पाळलं होतं. तुला करायचं ते कर, मला त्यात ओढू नकोस, म्हणाली. पण त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा चादर जाळली.

तक्रार झाली आणि शिवणवालीला हॉटेलची खोली सोडावी लागली. कचेरीने महिलांच्या वसतिगृहात सोय करून दिली. खिडकीतून दिसायची एक भिंत, आणि तिच्यावर उतरत जाणारं ऊन. रिकामे हात तिला खायला उठायचे. शेवटी तिने राखाडी निळं कापड आणलं आणि त्याच्यासाठी शर्ट शिवायला घेतला. मशीन नव्हतं, म्हणून हातानेच. मापं नव्हती, म्हणून डोळे मिटून. रुंद खांदे, डावा जरासा उतरलेला... सगळं तिला पाठ होतं. काम करायला बंदी होती खरी, पण ज्याचे पैसे मिळत नाहीत त्याला काम म्हणत नाहीत, हे तिला हॉटेलनेच शिकवलं होतं.

सुनावणीच्या दिवशी तो रजा काढून, रात्रभर प्रवास करून आला. कचेरीच्या लांबलचक बोळात ती दोघं इतक्या दिवसांनी पहिल्यांदा समोरासमोर आली. तिने पिशवीतून शर्ट काढून दिला. त्याने तो तिथेच, अंगातल्या कपड्यांवरून चढवला.

शर्ट सैल झाला. वरून घालूनही सैल.

आपला अंदाज चुकला म्हणून ती खट्टू झाली. मग तिने नीट पाहिलं. गालांची हाडं वर आली होती, मनगटावरचं घड्याळ ढिलं पडलं होतं. अंदाज बरोबर होता. माणूसच कमी झाला होता.

“जेवत नाहीस का?” ती म्हणाली, आणि जीभ चावली. आजवर ती त्याला अहो-जाहोच करत आली होती.

त्याला ते कळलं. त्याने फक्त शर्टाची बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावली, आणि आत गेल्यावरही काढली नाहीत.

मॅनेजर तयारीने आला होता. पासपोर्ट तिनेच सांभाळायला दिला, झाडू तिने आपल्या खुशीने हातात घेतला, असं त्याने शांतपणे सांगितलं. अधिकारी बाईंनी तिला साक्षीदाराबद्दल विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं. मावशी होती. अंगात धुलाईखान्याचा कोट, खळीचा वास, श्वास फुललेला. कामाची पाळी अर्धी सोडून आली होती.

“माझाही पासपोर्ट त्याच कपाटात आहे,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली. “मी कधी मागितला नाही, कारण मिळणार नाही हे माहीत होतं. याला सांभाळायला देणं म्हणतात का, तेवढं सांगा.”

अधिकारी बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

निकाल तिच्या बाजूने लागला. दोघींचे पासपोर्ट परत मिळाले. मावशीने मात्र हॉटेल सोडलं नाही. आता तोच मला वचकून असतो, ही मजा टाकून कुठे जाऊ, म्हणाली.

नोकरी शोधायला शिवणवालीला मोजकीच मुदत होती. लिफ्टवाल्याच्या शहरातल्या एकाही दुकानाने तिला होकार कळवला नाही. होकार आला तो वाटेवरच्या एका छोट्या गावातून, पडदे शिवणाऱ्या एका वयस्क बाईंकडून. दोन्ही शहरांच्या अधेमधे कुठेतरी ते गाव. तिने फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, घे ती नोकरी. आणि त्याच्या आवाजावरून तिला कळलं, की हे म्हणणं त्याला किती जड गेलं ते.

नव्या परवान्यावर तिचं नाव होतं, कामापुढे शिवणकाम लिहिलं होतं, आणि यावेळी तो तिच्याच पिशवीत होता.

पहिल्या सुट्टीला तो आला. स्टेशनावर बारीक पाऊस भुरभुरत होता. दोघं छपराखाली बाकावर बसली, मध्ये छत्री आणि तेवढंच अंतर ठेवून. त्याने तोच शर्ट घातला होता, आणि तो आता जरासा भरल्यासारखा दिसत होता. तो म्हणाला, कंपनीने त्यालाही बांधून ठेवलंय, इकडे बदली मागितली आहे, पण कधी होईल सांगता येत नाही. एक वर्ष... कदाचित जास्त. तो सांगत होता आणि ओल्या रुळांकडे बघत होता. हे सगळं जणू त्याचाच गुन्हा असावा, तसा.

तिने छत्री उचलून पलीकडे ठेवली.

“लग्न करशील माझ्याशी?” ती म्हणाली. “तू तुझ्या कामावर, मी माझ्या. आठवड्यातून एक दिवस संसार. पुढचं पुढे बघू.”

ज्याची जीभ कधी टाळूला लागली नव्हती, तो नुसता बघत राहिला. पागोळीचं पाणी त्याच्या बुटावर पडत होतं, तेही त्याला कळत नव्हतं. मग त्याने तिचा हात हातात घेतला. सुयांनी टोचून टोचून निबर झालेली तिची बोटं त्याने एकेक करून मिटली, आणि मूठ तशीच आपल्या हातात धरून ठेवली.

“रविवार,” तो म्हणाला. “मला सुट्टी रविवारी असते.”

“मग शनिवारी संध्याकाळीच येत जा,” ती म्हणाली.

आणि हे आपण काय बोललो ते लक्षात येऊन ती पावसाकडे बघू लागली. हात मात्र तिने सोडवून घेतला नाही.