उघडझापीचं पुस्तक

राळेगावच्या मोटार स्टँडवर शिडीवरून लाल रंगाचा थेंब पडला, तो नेमका जमनीच्या हातातल्या चित्रावर... शेळीच्या पाठीवर!

"दिसत नाही काय? बालवाडीच्या लेकराइसाठी हाय हे चित्र!" ती कडाडली. तांड्यावर नव्यानं निघालेल्या बालवाडीची ती बाई. महिनाअखेरीस तपासणी. लेकरं रमली नाहीत, तर बालवाडी बंद.

पाट्या रंगवणारा रूपसिंग खाली उतरला. चित्र न्याहाळून म्हणाला, "दोन-अडीच वर्साची लेकरं नुसती पाहत बसतेत काय, बाई? त्याहिले उचकायले काही पाहिजे. बुधवारी या."

बुधवारी त्यानं पुठ्ठ्याचं पान पुढं केलं. त्यावर वरच्या कडेनं चिकटवलेली कागदाची टोपली. जमनीनं ती बोटानं उचलली, तर खाली कोंबडी! ती खुदकन हसली. तो मात्र तिच्याकडंच पाहत होता...

पानं वाढली, तिच्या फेऱ्याही वाढल्या. एकदा बोलता बोलता तो आईला 'याडी' म्हणून गेला. म्हणजे आपल्यातलाच, बंजारा! जमनीचं काळीज हरखलं, अन् लगेच गोठलं. ती राठोड. हाही राठोड निघाला तर? एका गोताचे म्हणजे बहीण-भाऊ. गावात सगळे त्याला पेंटरच म्हणत. विचारावं? पण नको ते उत्तर आलं तर...

तपासणीला पर्यवेक्षिका विमलताई आल्या. पुस्तक घेऊन रूपसिंगही आला होता. लेकरांनी पुस्तकावर झडपच घातली. कुणी टोपली उचलली, कुणी गोठ्याचं दार उघडलं. तांड्यावरल्या रुपीबाईच्या धाकटीनं तर आतल्या वासराचा पापा घेतला. विमलताई हसल्या, वही उघडली.

"बालवाडी चालू राहील. पुस्तक कोणी केलं? पूर्ण नाव सांगा."

"रूपसिंग धावजी..." तेवढ्यात एका पोरानं पुस्तकातलं दारच उपटलं. रूपसिंग ते चिकटवायला वाकला.

"पुढं?" विमलताईंनी विचारलं.

"चव्हाण."

ती तडक बाहेर लिंबाखाली गेली. डोळ्यांचं पाणी थांबेना. तो मागोमाग आला. "काय झालं? काहून रडून राह्यली?"

"मले वाटलं, तुमीबी राठोड..."

"मी तं पहिल्याच दिवशी तुह्या तांड्याच्या नाइकाले तुहं गोत इचारलं होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलं कुठं?" त्याचा आवाज हलका झाला. "आता मी इचारतो, जमनी... येशील माह्या घरी?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"माह्या बापाले इचारा," ती म्हणाली. "रविवारी तो घरीच असते."